बिशप दारातून हलेना

ऑर्विलला उचकी लागली ती रेडिओवर, भर बातम्यांत.

मूळनिवाशांच्या त्या वस्तीतल्या छोट्या रेडिओवर रोज सकाळी ऑर्विलच बोलायचा. हवामान, हरवलेली कुत्री, कुणाच्या घोड्यानं कुणाचं कुंपण तोडलं, आणि सगळ्यात शेवटी कोण गेलं. इतकी वर्षं तो हे काम करत होता की मेलेला माणूस ऑर्विलनं सांगितल्याशिवाय लोकांच्या लेखी मेलेलाच नसायचा. एका म्हातारीला दवाखान्यातून नवरा गेल्याचा निरोप आला, तर तिनं आधी विचारलं, "ऑर्विल काय म्हणाला?"

त्या सकाळी जी बातमी होती ती त्याच्याच थोरल्या भावाची, एमेटची. रेडिओवाले म्हणाले, दुसरं कुणीतरी वाचेल, तू घरी जा. ऑर्विल म्हणाला, सगळ्यांच्या वाचल्या, दादाची दुसऱ्यानं का वाचायची? आणि त्यानं वाचली. रोजच्याच आवाजात, न अडखळता, पाणीसुद्धा न पिता. "त्यांच्या पश्चात पत्नी, मुली आणि धाकटा भाऊ ऑर्वि... हिक्."

तिथून जी लागली ती लागलीच. जेवताना उचकी, गाडी चालवताना उचकी, झोपेतही उचकी. बायको, लिओटा, आधी पलंगाच्या कडेला सरकली, मग कोचावर गेली, मग बहिणीकडे राहायला गेली. साखर खाऊन झाली. वाकून पेल्याच्या उलट्या कडेनं पाणी पिऊन झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं गोळी दिली, तिनं त्याला गुंगी आली आणि तो गुंगीत उचक्या देऊ लागला. त्याचा मेव्हणा क्लेमेंट, लिओटाचा भाऊ, लांडग्याचा मुखवटा लावून फ्रिजमागून अंगावर ओरडला. ऑर्विल म्हणाला, "हिक्. ये, बस. कॉफी घेतोस?"

रेडिओवर तर कहरच झाला. ऐन गांभीर्याच्या जागी उचकी यायची. दोन घरांनी तक्रार केली की आमच्या माणसाची चेष्टा झाली. तिसऱ्या घरचे मात्र मुद्दाम येऊन म्हणाले, आमचा काका फार विनोदी होता, त्याची बातमी तुम्हीच वाचा, आणि उचकी दाबू नका.

शेवटी अल्विनाआत्यानं बोलावणं धाडलं. ही ऑर्विलच्या बापाची धाकटी बहीण. अंगानं काटकुळी, आवाज मात्र शिकारी कुत्र्याला बसवेल असा. तिच्यापुढे नाही म्हणायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती.

"रविवारी दुपारी क्लेमेंटकडे यायचं," ती म्हणाली. "इनिपीला बसायचं. वाफेत घाम गाळल्याशिवाय हे जायचं नाही."

"आत्या, मला त्या अंधारात... हिक्... कोंडल्यासारखं होतं."

"आईच्या पोटात नऊ महिने होतास, तेव्हा तक्रार केली नाहीस."

"तेव्हा मला बोलता येत नव्हतं."

"ते दिवस बरे होते," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "ऑर्व्या, तुला कुणीतरी हाक मारतंय आणि तू ओ देत नाहीस. मला दुसरं काही दिसत नाही यात."

क्लेमेंटची इनिपीची झोपडी ओढ्याच्या वळणावर, कॉटनवूडच्या झाडांखाली होती. वाळुंजीच्या फांद्या वाकवून केलेला कमरेएवढा घुमट, त्यावर थरांवर थर घोंगड्या, त्यावर ताडपत्री. त्या वर्षी उंदरांनी ताडपत्री कुरतडली होती, म्हणून क्लेमेंटनं भोकांवरून आपल्या आजोबांच्या वेळचं गव्याचं केसाळ कातडं टाकलं होतं. लांबून पाहिलं तर कुणी जनावर गवतात बसलंय असं वाटायचं. पण लांबून कोण पाहणार आहे, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

बाहेर शेकोटीवर होबार्ट होता. क्लेमेंटचा हा चुलतभाऊ बोलायला कमी आणि घाबरायला जास्त, पण आग राखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. धोंडे लालबुंद झाले की एकेक दाताळ्यावर उचलून तो दारातून आत द्यायचा. त्या धोंड्यांना सगळे आजोबाच म्हणत, आणि आजोबा आत येताना कुणी हसत नसे.

ऑर्विल चड्डीवर, टॉवेल गुंडाळून, दारापाशी ओणवा झाला.

"दाजी, वाका अजून," मागून क्लेमेंट म्हणाला. "पोट अडकलं तर तुम्हाला इथेच दार म्हणून लावतो."

"तुझ्या बहिणीच्या हातचं... हिक्... खाल्लंय ते. तिला सांग."

बाहेर मेव्हण्यानं दाजींची काय वाटेल ती थट्टा करावी, ती न केली तर उलट काहीतरी बिनसलंय असं समजावं, अशी त्यांच्यातली रीत. पण आत गेल्यावर क्लेमेंट वेगळा माणूस होई. त्यानं दाराची घोंगडी सोडली, काळोख झाला. धोंड्यांवर देवदाराचा पाला चुरचुरला. पाणी पडलं आणि वाफ अशी उठली की ऑर्विलला आपले कान कुणीतरी धरून पिळल्यासारखे वाटले. क्लेमेंटनं गाणं धरलं, आत्यानं साथ दिली. ऑर्विलनंही तोंड उघडलं, पण प्रत्येक ओळीच्या मध्यावर "हिक्".

चार फेऱ्या असतात. पहिली गेली, दार उघडलं, वारा आला, ऑर्विल मनात म्हणाला, पुरे झालं. दुसरी गेली. ज्यानं त्यानं आपापलं बोलायचं असतं. आत्या आपल्या गुडघ्यांसाठी बोलली आणि वस्तीतल्या पोरांसाठी बोलली. क्लेमेंट सगळ्यांसाठी बोलला. ऑर्विलची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मला काही... हिक्... मी ठीक आहे." अंधारात आत्यानं नाकातून श्वास सोडला.

तिसऱ्या फेरीच्या अर्ध्यात बाहेरून होबार्टची किंकाळी आली.

"दार उघडू नका! कुणीही दार उघडू नका!"

क्लेमेंटचं गाणं थांबलं. "काय झालं?"

उत्तर आलं ते वरून कुठूनतरी. होबार्ट झाडावर चढला होता. "बिशप आलाय!"

बिशप म्हणजे वस्तीच्या गव्यांच्या कळपातला सगळ्यात मोठा नर. मालगाडीच्या डब्याएवढा, चेहऱ्यावर कायम प्रवचन संपवून आल्याचा भाव, म्हणून ते नाव. ऑगस्टचा महिना, नर माजावर आलेले. बिशपनं दोन कुंपणं आडवी केली होती, ओढा ओलांडला होता आणि आता तो झोपडीच्या दारात उभा होता. आतल्यांना त्याचा श्वास ऐकू येत होता. घोंगडी आत यायची, बाहेर जायची.

"हिक्," ऑर्विल म्हणाला.

बाहेरून चढावर गिअर बदलणाऱ्या ट्रकसारखा आवाज आला. धोंड्यांच्या खड्ड्यातली राख हलली.

मग पुन्हा "हिक्". पुन्हा ट्रक.

"होबार्ट," क्लेमेंटनं हळूच विचारलं, "तो करतोय काय?"

होबार्टला सांगायचा संकोच वाटत असावा. "तो... तो राखण करतोय. माजावरचा नर मादीजवळ उभा राहतो ना, कुणाला जवळ येऊ देत नाही, तसा. वर कातडं आहे, आकार तसाच आहे, आणि आतून ती... आवाज देतेय."

"ती कोण?" ऑर्विल म्हणाला. "हिक्."

बाहेरच्या आवाजात आता लाडिकपणा आला होता.

क्लेमेंट एवढा वेळ गंभीर होता. आतमध्ये तो कधी थट्टा करत नसे, हे खरंच. पण त्या क्षणी त्याचं काहीतरी सुटलं. "दाजी," तो म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही म्हणायचात, रेडिओ मनापासून कुणी ऐकत नाही."

"मेव्हण्या, बाहेर निघाल्यावर मी तुला..."

"गप्प बसा दोघं," आत्या म्हणाली. "पाहुणा दारात आहे."

होबार्टच्या खिशात फोन होता हे नशीब. त्यानं व्हर्नाला फोन लावला. व्हर्ना वस्तीचा गव्यांचा कळप सांभाळायची. कुणी पोरांचीही ठेवली नसतील तेवढ्या प्रेमानं तिनं गव्यांची नावं ठेवली होती. "येते," ती म्हणाली, "तोवर कुणी शहाणपणा करू नका."

शहाणपणा सुचला तो ऑर्विलला. मागच्या बाजूनं घोंगड्या वर करून सरपटत निघता येईल, फांद्यांमधून एक माणूस सहज जाईल.

"मागून?" आत्या म्हणाली. "इथून दारानं निघतात. मी जन्माला आले तीसुद्धा दारानंच. मागच्या भिंतीतून चोर निघतात."

"आत्या, बाहेर गवा आहे!"

"मग? त्याला घाबरून मी फुलाफुलांच्या ओल्या झग्यात गवतातून रांगत जाऊ, आणि हा होबार्ट वरून बघेल?"

"मी डोळे मिटतो, आत्या," झाडावरून होबार्ट म्हणाला.

"तू आग बघ."

आगीकडे मात्र कुणाला जाता येत नव्हतं. खड्ड्यातले आजोबा थंड होत चालले. घाम अंगावर गार पडू लागला. ऑर्विलला पहिल्यांदाच वाटलं की ती वाफ परत यावी. क्लेमेंट म्हणाला, तिसरी फेरी अर्धी सोडता येत नाही, जमेल तशी पुरी करू. मग कोमट धोंड्यांवर पाणी टाकून, दारात गवा उभा असताना, त्यांनी फेरी पुरी केली. बिशपनं गाणी शांतपणे ऐकली. फक्त उचकीला ओ दिली.

व्हर्ना आली ती खाद्याची गाडी घेऊन. एरवी त्या गाडीचा भोंगा वाजला की अख्खा कळप धावत सुटायचा. तिनं भोंगा वाजवला, बादली खडखडवली, पेंडीच्या कांड्या गवतावर ओतल्या. बिशपनं मान वळवून पाहिलं आणि परत झोपडीकडे तोंड केलं.

"प्रेमात आहे," व्हर्नानं गाडीच्या खिडकीतून जाहीर केलं. "जेवणाखाण्यावर लक्ष नाही. आत उचकी कुणाची?"

"माझी," ऑर्विल म्हणाला. "हिक्."

"अगंबाई, ऑर्विल! मी रोज ऐकते तुम्हाला! जरा बंद करता येईल का ती?"

ऑर्विलनं आपल्या आयुष्यात यापेक्षा मूर्ख प्रश्न ऐकला नव्हता, पण अंगावर टॉवेल असलेल्या माणसानं भांडू नये म्हणून तो गप्प बसला. क्लेमेंटनं त्याच्या तोंडावर हात दाबला. उचकी नाकातून निघाली, आधीपेक्षा बारीक आणि, व्हर्नाच्या मते, जास्तच गोड.

मग छपराच्या फांद्या करकरल्या. घुमट एका बाजूनं खाली आला, इतका की ऑर्विलच्या डोक्याला घोंगडी टेकली. घोंगडीपलीकडे काहीतरी जड, गरम होतं.

"हनुवटी टेकवली त्यानं!" व्हर्ना ओरडली. तिचा आवाज एकदम बदलला होता. "ऐका, आता थट्टा नाही! हनुवटी टेकवतो, मादी उभी राहिली की मग वर चढतो! तुमची झोपडी उभीच आहे!"

"ती काय करणार दुसरं?" होबार्ट झाडावरून म्हणाला.

आत सगळे एकमेकांना न दिसता एकमेकांकडे पाहत होते. क्लेमेंट गुडघ्यांवर उठला. "मी जातो. झोपडी माझी आहे."

"तू बस," आत्या म्हणाली. "तो तुझ्यासाठी आलेला नाही." तिचा ओला, हाडकुळा हात अंधारात चाचपडत आला आणि ऑर्विलच्या मनगटावर बसला. "ऑर्व्या. ज्याला बोलावलंस त्याला ओ दे. नीट बोल त्याच्याशी. गवा आपल्यात वडीलधारा."

ऑर्विलला पुढे पुष्कळांनी विचारलं की तेव्हा भीती वाटली का. तो सांगायचा, भीती नव्हती, लाज होती. आपल्या पश्चात पत्नी आणि मेव्हणा, कारण गव्याचा गैरसमज, आणि ही बातमी रेडिओवर वाचायला दुसरं कुणी नाही. एवढंच डोक्यात होतं. तो चार पायांवर दारापर्यंत गेला. बाहेर पडताना म्हणायचं असतं ते म्हणाला, "सगळेच माझे सगेसोयरे," आणि घोंगडी वर केली.

उजेडानं डोळे दिपले. मग समोर केसांची भिंत दिसली. भिंतीनं हनुवटी छपरावरून उचलली आणि खाली वाकवली. दोन तोंडांमध्ये वीतभर अंतर. बिशपच्या डोळ्यात ऑर्विलला स्वतःचं डोकं दिसलं, घामानं चिकटलेलं, उलटं-सुलटं.

"आजोबा," ऑर्विल म्हणाला, "चुकून झालं. मी ती नाही. मी... हिक्."

उचकी थेट बिशपच्या नाकपुडीत गेली.

बिशपनं वास घेतला. एकदा, मग खोल, मग आणखी खोल. मग त्यानं मान वर केली आणि वरचा ओठ मुडपून, दात दाखवत, तसाच उभा राहिला. गवे वास पारखतात तसे. कितीतरी वेळ तो ऑर्विलचा विचार करत होता. व्हर्ना श्वास रोखून होती. होबार्टनं डोळे मिटले होते, आता आत्यासाठी नव्हे.

मग बिशपनं ओठ खाली घेतला. मोठ्यानं फुरफुरला, त्यातलं निम्मं ऑर्विलच्या तोंडावर आलं. आणि वळून, शेपटी हलवत, व्हर्नानं ओतलेल्या कांड्यांकडे न पाहता, ओढ्याच्या दिशेनं निघून गेला. लग्नाच्या बैठकीतून मुलगी नापसंत करून उठणाऱ्या माणसाची चाल असते, तशी.

"नाही आवडलात तुम्ही," व्हर्ना म्हणाली.

ऑर्विल दारात तसाच बसला. आधी त्याचे खांदे हलायला लागले. मग तो हसला. इतका हसला की मातीवर आडवा झाला. क्लेमेंट बाहेर आला, आत्या बाहेर आली, तीही हसत होती, झगा पिळत होती. ऑर्विलला बोलायचं होतं पण शब्द फुटेना. "एमेटला," तो म्हणाला, "हे एमेटला सांगितलं पाहिजे. दादा मरेल हसून. दादाला फोन..."

आणि तिथे तो थांबला.

कुणी त्याला उचलायला गेलं नाही. तो मातीत कुशीवर पडला आणि लहान मुलासारखा, भोकाड पसरून, एमेटचं नाव घेऊन रडला. आत्या शेजारी बसली आणि त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवून गवताकडे बघत राहिली. बरंच झालं रडून, तेव्हा म्हणाली, "चौथी फेरी राहिलीय. होबार्ट, खाली उतर. आजोबा तापव."

होबार्टला उतरता येत नव्हतं. चढला कसा, हे त्यालाही सांगता येईना. व्हर्नानं गाडी झाडाखाली लावली, टपावर उभी राहिली आणि त्याला पायाला धरून ओढलं. आग पुन्हा पेटली. व्हर्नालाही आत घेतलं, अर्ध्या वाटेवर आलेल्या माणसाला बाहेर ठेवायचं नाही म्हणून. क्लेमेंटनं एका बाजूनं बसलेला घुमट खांद्यानं वर ढकलला आणि केसाळ कातडं मात्र काढून गाडीत टाकलं.

चौथ्या फेरीत ऑर्विलची पाळी आली तेव्हा तो पुष्कळ बोलला. काय बोलला ते आतल्यांनी बाहेर सांगितलं नाही, आणि सांगायचंही नसतं. नंतर सगळ्यांनी बाहेर बसून आत्याचं मांसाचं सार आणि तळलेली भाकरी खाल्ली. दुसऱ्यांदा वाढून घेताना क्लेमेंट एकदम म्हणाला, "दाजी, उचकी कुठाय?"

सगळ्यांनी कान दिले. नव्हती. कधी गेली ते कुणालाच आठवेना. क्लेमेंट म्हणाला चौथ्या फेरीत. व्हर्ना म्हणाली, बिशपनं ओढून घेतली, मी पाहिलंय. होबार्ट म्हणाला भीतीनं. डॉक्टर पुढच्या आठवड्यात म्हणाला की गोळीचा परिणाम कधीकधी उशिरा होतो. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "गेली ना? मग खा." लिओटा त्याच संध्याकाळी बहिणीकडून परत आली आणि पलंगाच्या मधोमध झोपली.

काही दिवसांनी ऑर्विल तंबाखूची चिमूट कापडात बांधून कळपाच्या कुरणावर गेला. आभार मानायला जावं, असं आत्याचं सांगणं होतं. क्लेमेंट बरोबर आला, कारण असा प्रसंग तो चुकवणं शक्यच नव्हतं. कुंपणाच्या तारा नव्या होत्या. बिशप पलीकडे टेकाडाखाली उभा होता, एका लहानखुऱ्या, लालसर मादीला चिकटून. ऑर्विलनं तंबाखू खांबाच्या बुडाशी ठेवली, टोपी काढली, आणि म्हणायचं ते हळू आवाजात म्हणाला.

बिशपनं मान वळवली. एवढ्या जवळून भेट झालेली, काहीतरी ओळख दिसेल असं ऑर्विलला वाटलं. बिशपची नजर त्याच्यावरून, क्लेमेंटवरून, खांबावरून सारखीच फिरली आणि परत मादीवर गेली.

"बघितलंत?" क्लेमेंट म्हणाला. "दुसरी पाहिली."

"बघितलं."

"वाईट वाटून घेऊ नका, दाजी. तिचे डोळे बघा किती पाणीदार आहेत."

"मला काही वाईट वाटलेलं नाही," ऑर्विल म्हणाला. पण तो टोपी हातात घेऊन तिथेच उभा होता, आणि क्लेमेंटनं गाडीतून तीनदा हाक मारली तेव्हा कुठे निघाला.